पायाचं हाड जुळल्यावर पळायला कधी लागायचं, आणि मॅप घेऊन जंगलात कधी शिरायचं

पळून पळून माझ्या पावलातलं एक हाड चिरलं, त्यानंतर सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, दुसऱ्या बोटाच्या मागे जे लांब हाड असतं त्यावर पांढुरकी फुगीर गाठ आल्यासारखं काहीतरी दाखवलं आणि म्हणाले, हा कॅलस, हाड जुळतंय, आता पाय धरून ठेवणारा हा आधाराचा बूट काढा आणि हळूहळू चालायला लागा. मी त्यातलं फक्त 'हाड जुळतंय' एवढंच ऐकलं. चौथ्या दिवशी २५ मिनिटं पळून आले, दम लागला पण काय भारी वाटलं, पाय एकदाही दुखला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पाऊल टेकवलं तर तीच कळ, त्याच जागी. तीन आठवडे परत मागे गेले. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, फिजिओला प्रश्न विचारून विचारून भंडावलं, आणि आता जे कळलंय ते जमेल तितकं सोपं करून लिहितेय, कारण पळणाऱ्या माणसाला 'आराम करा' एवढंच सांगून भागत नाही, आराम कधी संपतो आणि मग नेमकं काय करायचं हे कोणीतरी सांगायला लागतं.

मी पळते ते मुख्यतः ओरिएंटिअरिंगसाठी. ज्यांनी हे नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हातात मॅप आणि होकायंत्र, मॅपवर जांभळ्या गोलांनी दाखवलेल्या जागा म्हणजे कंट्रोल, प्रत्यक्षात तिथे पांढरा-केशरी कापडी झेंडा टांगलेला असतो, ते सगळे कंट्रोल दिलेल्या क्रमाने गाठायचे, मधला रस्ता तुमचा तुम्ही शोधायचा, सगळ्यात कमी वेळात येईल तो जिंकला. खेळ मूळचा स्कँडिनेव्हियातला, १८९७ मध्ये नॉर्वेत पहिली खुली स्पर्धा झाली आणि १९६१ मध्ये याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. वाटेने, बिनवाटेने, दगडांतून, झुडपांतून, ओढा ओलांडून, जसं समोर येईल तसं पळायचं आणि पळता पळता मॅप वाचायचा. दुखऱ्या पायाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो त्याकडे मी नंतर येतेच, आधी हाडाचं बघू.

पाऊल म्हणजे एक वस्तू नाही हो, एका पावलात २६ हाडं असतात आणि ३३ सांधे, त्यांना धरून ठेवणारे लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे), स्नायू आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मिळून शंभराच्या वर. त्यातली पाच लांब हाडं बोटांच्या मागे चवड्यापर्यंत येतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात, आणि पळणाऱ्यांमध्ये न पडता न धडपडता पावलातलं जे हाड चिरतं ते बऱ्याचदा यातलं दुसरं किंवा तिसरं. न पडता हाड कसं मोडतं हे मला कितीतरी दिवस पटत नव्हतं. तर १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांबद्दल लिहिलं होतं, लांब लांब कूच केल्यावर पाय सुजायचे, मार लागलेला नसायचा, आणि कारण कळत नव्हतं कारण एक्स-रेचा शोधच लागायचा होता, तो लागला १८९५ मध्ये आणि मग दिसलं की आत हाडाला चीर गेलीये. म्हणून याला आजही मार्च फ्रॅक्चर म्हणतात, यातला मार्च म्हणजे सैनिकांचं कूच.

आत होतं असं की हाड सतत स्वतःला खणत आणि भरत असतं. काही पेशी जुना, थकलेला भाग खणून काढतात, त्याला दोनेक ते चार आठवडे लागतात, आणि दुसऱ्या पेशी तिथे नवीन हाड भरतात, त्याला लागतात तीन-चार महिने. खणणं लवकर आणि भरणं उशिरा. घराची दुरुस्ती काढली की आधी भिंत पाडतात, त्या मधल्या काळात घर सगळ्यात कच्चं असतं ना, तसंच. तुम्ही अचानक पळणं वाढवलं की शरीर म्हणतं इथे मजबूत करायला हवं, आणि मजबूत करायची सुरुवात खणण्यापासून होते, तेव्हाच तुम्ही आणखी पळालात की खणलेल्या जागी बारीक चिरा जमत जातात आणि एक दिवस त्यांची एक मोठी चीर होते. माझं अगदी हेच झालं होतं, दोन महिने निवांत गेले होते आणि स्पर्धा जवळ आली म्हणून मी तीन आठवड्यांत पळणं जवळजवळ दुप्पट केलं होतं.

यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक म्हणजे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसतच नाही, कॅलस यायला लागल्यावर दिसते, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणजे 'हाड ठीक आहे' असं होत नाही, एका ठरावीक जागी बोट ठेवून 'इथेच' असं दाखवता येत असेल आणि पळल्यावर तिथेच वाढत असेल तर एमआरआयबद्दल विचारा, त्यात लवकर कळतं. दुसरी म्हणजे कॅलस दिसणं ही जुळण्याची सुरुवात असते, तो घाईने घातलेला कच्चा गिलावा आहे, चालायला पुरतो, पण पक्कं हाड व्हायला आणखी काही महिने जातात. माझ्या डॉक्टरांनी 'चाला' म्हटलं होतं, 'पळा' मी माझं जोडलं.

आता चालणं आणि पळणं यात एवढा फरक का, तर हिशोब करून बघा. पळताना प्रत्येक पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर लागतो. मिनिटाला १७० पावलं आणि किलोमीटरला ७ मिनिटं धरली तर एका किलोमीटरला १,१९० पावलं, म्हणजे एका पायावर साधारण ६००. वजन ६० किलो असेल तर दीडशे किलोच्या आसपासचा धक्का, सहाशे वेळा, तोही एका किलोमीटरमध्ये. पाच किलोमीटर पळून आले की तेच तीन हजार वेळा. दर पावलाला हाड जराजरासं वाकतं, निरोगी हाडाला ते चालतं, उलट त्यानेच ते मजबूत होतं. यूलिउस वोल्फ या जर्मन सर्जनने १८९२ मध्येच मांडलं होतं की हाडावर जसा भार येतो तसं ते स्वतःला घडवतं. म्हणून नुसतं झोपून राहिल्याने हाड परत पळण्यालायक होत नाही, भार द्यावाच लागतो, फक्त तो त्याला पेलेल एवढाच आणि मध्ये वेळ सोडून. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की एका बैठकीत ठरावीक धक्क्यांनंतर हाडाच्या पेशी जणू ऐकेनाशा होतात, पुढचे धक्के त्यांना कळत नाहीत, काही तासांची विश्रांती मिळाली की परत ऐकायला लागतात. म्हणजे एकदाच तासभर पळण्यापेक्षा थोडं थोडं आणि अंतर ठेवून पळणं हाडाला जास्त मानवतं.

बरं, सगळी मेटाटार्सल सारखी नसतात, आणि हा भाग कृपया घाईत वाचू नका. दुसरं-तिसरं बहुतेकदा बिचारं सरळ जुळतं, सहा ते आठ आठवडे. पण करंगळीकडचं पाचवं हाड, त्याच्या बुंध्यापाशी रक्तपुरवठा कमी असतो, तिथली चीर जुळायला कुरकुर करते, कधी स्क्रू घालावा लागतो. रॉबर्ट जोन्स नावाच्या सर्जनने १९०२ मध्ये याबद्दल लिहिलं, नाचताना त्यांचं स्वतःचंच हे हाड मोडलं होतं, म्हणून त्याला जोन्स फ्रॅक्चर म्हणतात. तसंच पावलाच्या कमानीच्या माथ्यावर, घोट्याच्या थोडं पुढे एक होडीच्या आकाराचं हाड असतं, नॅव्हिक्युलर, त्याचं दुखणं गोलमाल असतं, नेमकी जागा सापडत नाही, आणि ते अंगावर काढलं तर फार महागात पडतं. या दोन जागा दुखत असतील तर या लेखातलं पुढचं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही, तुमचं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील.

आणि पाय नुकताच मुरगळला असेल, पडला असाल, तर एक साधी चाचणी आहे जी कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडली आणि आता जगभर वापरतात. पावलाच्या मधल्या भागात दुखतंय आणि त्याच वेळी पाचव्या मेटाटार्सलचा बुंधा किंवा नॅव्हिक्युलर दाबल्यावर दुखतंय, किंवा लागल्या लागल्या आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नाहीयेत, तर एक्स-रे काढायचा. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांसाठीही असंच आहे. चार पावलं टाकायला जमली म्हणून मात्र जंगलात उरलेले कंट्रोल पूर्ण करायला जाऊ नका.

हाड सोडून बाकीच्या दुखण्यांचे नियम वेगळे आहेत, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण एकाला लागू पडलेला सल्ला दुसरा उचलतो. टाचेखालची जाड पट्टी दुखावली असेल, सकाळचं पहिलं पाऊल टेकवताना जीव जातो आणि चार पावलं चाललं की बरं वाटतं ती, किंवा पोटरीच्या खाली टाचेला जोडणारा अकिलीस टेंडन, यांच्या बाबतीत व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालतं, दहापैकी दोन-तीन, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्याइतकं खाली यायला हवं. टेंडनला हळूहळू वजन दिलं की तो सुधारतो, नुसत्या आरामाने सुधारत नाही. हाडाचं तसं नाही. चिरलेल्या जागी दहापैकी एक दुखलं तरी थांबायचं, 'थोडं दुखलं तर चालतं' हे वाक्य हाडाला लावायचं नाही. मुरगळलेल्या घोट्याचं तिसरंच, त्यात दुखणं बऱ्याचदा आधी जातं आणि घोट्याचा अंदाज उशिरा परत येतो, त्याबद्दल खाली.

पळायला सुरुवात करायच्या आधी माझ्या फिजिओने मला चार गोष्टी करून दाखवायला लावल्या. मोडलेल्या जागेवर अंगठ्याने जोरात दाबलं तर दुखायला नको. अर्धा-पाऊण तास भरभर चाललं, जराही न लंगडता, तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही काही जाणवायला नको. त्या एका पायावर उभं राहून टाच वीस वेळा पूर्ण उचलता यायला हवी. आणि शेवटी त्याच पायावर दहा उड्या. मी पहिल्या दोन पास झाले, टाच बाराव्या वेळेला थरथरायला लागली, आणि तेव्हा कळलं की पोटरी किती वाळलीये, आरशात बघितलं तर दोन्ही पायांत फरक नुसता डोळ्यांना दिसत होता. पोटरी कमजोर असेल तर तो धक्का जिरवणारं कोणी राहत नाही आणि सगळं हाडावर येतं, त्यामुळे मी आणखी दोन आठवडे नुसत्या टाचा उचलण्यात घालवले, त्याचं आता अजिबात वाईट वाटत नाही.

मग सुरुवात अशी: पाच-दहा मिनिटं चालून अंग गरम, मग एक मिनिट हलकं पळणं, चार मिनिटं चालणं, असं पाच वेळा. झालं, घरी. दुसरा दिवस पळायचं नाही. दोन-तीन वेळा असं करून काहीच दुखलं नाही तर दोन मिनिटं पळणं तीन मिनिटं चालणं, मग तीन-दोन, मग चार-एक, आणि सलग अर्धा तास पळायला येईपर्यंत पाच-सहा आठवडे सहज जातात, जाऊ द्या. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर, चढ-उतार त्याच्याही नंतर, एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची, कारण दोन बदलल्या आणि दुखलं तर कशाने दुखलं ते कळत नाही. दुखलं तर एक पायरी नाही, दोन पायऱ्या खाली. आणि पेनकिलर घेऊन पळू नका, कधीच नका, कारण या सगळ्या काळात तुमच्याकडे खबर देणारं एकच माणूस आहे आणि ते म्हणजे ती कळ, तिचंच तोंड बंद केलं तर कोणाला विचारणार.

सगळ्यात मोठा धोका कुठे आहे सांगू, दमात. बसून राहिल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दम कमी होतो खरा, पण हाडाच्या मानाने तो परतही लवकर येतो, आणि मधल्या काळात सायकल मारली किंवा पाण्यात पट्टा लावून पळण्याची हालचाल केली (मी केली, कंटाळवाणी आहे पण कामाची) तर फारसा जातही नाही. म्हणजे आठव्या-नवव्या आठवड्याला हृदय-फुप्फुसं म्हणतात चला पाच किलोमीटर, पोटरी म्हणते दोन, आणि हाड म्हणतं दहा मिनिटं. ऐकायचं सगळ्यात कमी बोलणाऱ्याचं. माझी ती पंचवीस मिनिटं दमाने ठरवली होती.

पावलं जरा छोटी आणि जलद टाकली, नेहमीपेक्षा पाच ते दहा टक्के, तर दर पावलाचा भार कमी होतो, गुडघा आणि कमरेला तर नक्कीच, हे करून बघण्यासारखं आहे आणि फुकट आहे. बुटांबद्दल एकच सांगते. ओरिएंटिअरिंगचे बूट पातळ, खाली टोकं असलेले, टाच बुटकी, पकड मिळावी आणि पाय जमिनीजवळ राहावा म्हणून तसे बनवलेले. चवड्याचं हाड नुकतं जुळलं असेल तर सुरुवातीचे महिने ते बाजूला ठेवा, नेहमीचे गादीवाले पळायचे बूट घाला, आणि जेव्हा परत घालाल तेव्हा आधी घालून नुसतं चाला, कारण टाच बुटकी झाली की पोटरी आणि चवडा दोघांवर अचानक काम वाढतं.

आता जंगल. 'डांबरी रस्ता सोड, मातीवर पळ, पायाला बरं' असं मला निदान दहा जणांनी सांगितलं असेल, आणि ते अर्धं खरं आहे. रस्त्यावर प्रत्येक पाऊल आधीच्यासारखंच पडतं, तोच कोन, तीच जागा, हजारो वेळा, त्यामुळे हाडाच्या एकाच ठिकाणी ताण साठतो. जंगलात प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, ताण वाटला जातो, वेगही कमी असतो. पण त्याच वेगळेपणामुळे पाऊल आडवं वळतं, पिळवटतं, एखाद्या मुळावर नुसता चवडा टेकतो आणि टाच हवेत राहते, म्हणजे नेमकं त्या मेटाटार्सलला वाकवणारी स्थिती. हाड जुळलेल्या माणसाला गुळगुळीत मातीची वाट सगळ्यात चांगली, मग गवत, मग मोकळं जंगल, आणि दगडधोंडे सगळ्यात शेवटी. घोटा मुरगळलेल्या माणसाला मात्र सपाट आणि टणक जमीन आधी, डांबरीसुद्धा चालेल, आणि ऊबडखाबड सगळ्यात शेवटी.

घोट्याचं असं आहे की पाऊल वाकडं पडून मुरगळायला सेकंदाचा इतका छोटा भाग लागतो की स्नायूंना कळून ते आवळेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणजे घोटा वाचतो तो पाऊल टेकायच्या आधी केलेल्या तयारीने, डोळ्यांनी जमीन बघितलेली असते, मेंदूने अंदाज बांधलेला असतो, स्नायू आधीच थोडे ताणलेले असतात. मुरगळल्यावर लिगामेंटबरोबर ही आतून येणारी जाणीवही बिघडते, पाय कुठे आणि कसा आहे हे मेंदूला नीट कळेनासं होतं, आणि एकदा मुरगळलेला पाय वारंवार मुरगळतो तो बराचसा यामुळे. उपाय अगदी साधा: दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून, मग उशीवर, रोज, महिनोन्महिने. टेप किंवा ब्रेस लावल्यानेही परत मुरगळणं कमी होतं, त्यात कमीपणा काही नाही, परत जंगलात जाताना पहिलं वर्षभर लावला तरी चालेल.

आता मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. नुसतं पळणारा माणूस जमिनीकडे बघू शकतो. ओरिएंटिअरिंग करणारा मॅपकडे बघतो, आणि ज्या दोन सेकंदांत तो मॅपकडे बघतो त्या दोन सेकंदांत पाच-सहा पावलं आंधळी पडतात. शिवाय डोकं इतकं गुंतलेलं असतं, ती टेकडीची सोंड हीच का, ओढा डाव्या हाताला हवा होता, की पायातली बारीक कळ ऐकूच येत नाही. घरी आल्यावर येते. म्हणून माझं म्हणणं आहे की पळणं आणि मॅप या दोन गोष्टी वेगवेगळ्या परत आणायच्या आणि सगळ्यात शेवटी एकत्र करायच्या. पाय पळायला शिकतोय तोपर्यंत डोकं चालत चालत मॅप वाचेल.

आधाराचा बूट पायात असतानाच हे सुरू करता येतं. मी जुने मॅप काढून बसायचे, दोन कंट्रोलमध्ये तीन रस्ते शोधायचे आणि कुठला का ते लिहून ठेवायचे. चालता यायला लागल्यावर सोप्या, छोट्या कोर्सवर (क्रमाने लावलेल्या कंट्रोलच्या आखणीवर) चालत गेले, वाटेवाटेने, आणि खरं सांगते, इतकी वर्षं पळत असताना न दिसलेलं मला तेव्हा दिसलं. एक कंट्रोल होता उतारावरच्या छोट्याशा खोलगट घळीत, मॅपवर एकच तपकिरी कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) किंचित आत वळलेला, म्हणजे दर पाच मीटर उंचीला काढलेल्या रेघांतली एक रेघ आणि तिच्यातला नखाएवढा वाक. पळताना मी असल्या जागेच्या आसपास घिरट्या घालते. त्या दिवशी उभी राहिले, मॅप उत्तरेला फिरवला, अंगठा मॅपवर जिथे होते तिथे ठेवला, आणि उतार पायाने जाणवला, डावीकडे जमीन किंचित खाली जाते, परत वर येते, आणि त्या खाली जाण्यातच पानांखाली ओल होती. रेघ आणि जमीन एकच आहेत हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी समजलं.

शिवाय या खेळात ट्रेल-ओ नावाचा एक प्रकारच आहे, ज्यात वाट सोडायची नसते, पळायचंही नसतं, दुरून दिसणाऱ्या अनेक झेंड्यांपैकी मॅपवर दाखवलेला नेमका कुठला ते ओळखायचं असतं. ज्यांना हालचालीची अडचण आहे त्यांना इतरांच्या बरोबरीने खेळता यावं म्हणून तो घडला, त्याच्या जागतिक स्पर्धा २००४ पासून होतात, आणि पायाने अडलेल्या कोणालाही त्याने वाचन फार धारदार होतं.

मग जेव्हा पळत मॅप घ्यायची वेळ येते, म्हणजे वाटेवर सलग अर्धा तास बिनदुखीचा झाला की, तेव्हा माझे दोन नियम आहेत. मॅप वाचायचा तेव्हा चालायचं, पळायचं तेव्हा जमीन बघायची. आणि प्रत्येक झेंड्यापाशी दहा सेकंद थांबून दुखऱ्या पायावर उभं राहायचं आणि विचारायचं, कसं आहे. कंट्रोल म्हणजे ठरलेला थांबा, नाहीतर विचारायचं राहूनच जातं.

मॅपचे रंगही आता पायासाठी वाचायचे. पांढरं म्हणजे पळता येईल असं जंगल, हिरवं जितकं गडद तितकं दाट, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हिरव्या उभ्या रेषा म्हणजे समोर दिसतं मोकळं आणि पायाशी झुडपं, पाऊल कुठे पडतंय ते दिसतच नाही, आणि काळे ठिपके म्हणजे दगडाळ जमीन, या दोन्ही मी सहा महिने माझ्या मॅपवरून पुसूनच टाकल्या होत्या. तुम्हाला वाटेल मग वेळ फार जाईल, तसं नाही. समजा सरळ रेषेत ४०० मीटर आहे आणि त्यात ३५ मीटर चढ, आणि वाटेने वळसा घालून ६२० मीटर पण सपाट. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा एक अंदाज आहे, त्याचा मथितार्थ असा की एक मीटर चढ म्हणजे साधारण आठ मीटर सपाट. ३५ गुणिले ८ म्हणजे २८०, अधिक ४००, झाले ६८०. वाट जवळची निघाली, पायाला सोपी, वर चुकायची भीती नाही. उताराचा हिशोब यात येत नाही, पण उतरताना धक्का चढण्यापेक्षा कितीतरी जास्त बसतो, त्यामुळे खडा उतार टाळून मिळेल तो तिरका रस्ता घ्या.

एक बारीक गोष्ट ज्याने मला पहिल्याच दिवशी चुकवलं: पावलं मोजणं. १०० मीटरला उजवा पाय किती वेळा पडतो हा आकडा प्रत्येकाच्या डोक्यात बसलेला असतो, माझा वाटेवर ४२ होता. दुखण्यानंतर पावलं छोटी झाली आणि मला ते कळलंच नव्हतं, मी ४२ मोजून थांबायचे आणि कंट्रोल अजून दहा-बारा मीटर पुढे असायचा. परत १०० मीटर मोजून बघितलं तर ४७. मापलेल्या अंतरावर नव्याने मोजून घ्या, आणि महिन्याने परत मोजा, कारण पाय सुधारतो तसा तो आकडा खाली यायला लागतो. माझ्यासाठी तो एक्स-रेपेक्षा जास्त आनंद देणारा रिपोर्ट होता.

स्पर्धेत परतताना कुठला प्रकार आधी, तेही दुखण्यावर आहे. स्प्रिंट म्हणजे १:४,००० चा मॅप (मॅपवरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर), इमारती, फरसबंदी, जिंकणाऱ्याला १२ ते १५ मिनिटं लागतात म्हणून सोपं वाटतं, पण पूर्ण वेग, कडक जमीन आणि दर काही सेकंदांनी कोपऱ्यावर झपकन वळणं, हे जुळत्या हाडासाठी सगळ्यात वाईट, त्याला आधी छोटा सोपा जंगलाचा कोर्स. घोट्यावाल्यांनी उलट करा, आधी स्प्रिंटची सपाट जमीन, निम्म्या वेगाने. आणि शेवटचे दोन-तीन कंट्रोल चालत, कारण दमलेली पोटरी पाय सांभाळत नाही.

खाण्याबद्दल थोडं पण महत्त्वाचं. पळणं बंद म्हणून खाणं कमी करू नका, हाड जोडायलाही ऊर्जा लागते. ज्यांची हाडं वारंवार चिरतात त्यांनी व्हिटॅमिन डी तपासून घ्या, आणि बायकांनो, पाळी लांबली किंवा बंद झाली असेल तर ती 'जास्त व्यायामाने होतंच' म्हणून सोडून देऊ नका, शरीराला पुरेशी ऊर्जा मिळत नसल्याची ती खूण असू शकते आणि त्याचा थेट परिणाम हाडांवर होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला वेगळं नाव देऊन मांडलं, पुरुषांनाही होतं, त्यांच्यात खूण मात्र इतकी स्पष्ट नसते.

माझ्या फ्रॅक्चरला आता सात महिने झाले. आठवड्यातून तीनदा पळते, त्यातलं एकदा जंगलात, टोकांचे बूट गेल्या महिन्यात परत घातले. नाड्या बांधायच्या आधी दुसऱ्या बोटामागे अंगठा दाबून बघते, ती गाठ अजून हाताला लागते, दुखत नाही. आज ४४ पावलं आली.